एक चमचा पीठ आणि मी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, वीतभर उंच, आणि बुडाजवळ एक भोक असलेला. मित्रांनो, भोक पडलेल्या डब्याला घरात कोणी विचारत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझं भोक पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं आहे, आणि त्याच्यामुळेच माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे. नाहीतर बिस्किटं आणि बटणं यांच्या पलीकडे माझी मजल गेलीच नसती. जरा निवांत बसा. मला घाईने सांगता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या चकचकीत पट्टीला यंत्राने एका दमात गोल वळवलं, टोकं एकमेकांत अडकवून दाबली, खाली बूड बसवलं आणि वर झाकण. झाकणावर निळ्या पाण्यातलं शिडाचं जहाज छापलेलं होतं. माझ्याबरोबर त्या दिवशी हजारभर भावंडं निघाली असतील, सगळ्यांच्या डोक्यावर तेच जहाज. तरी आपलंच जहाज जास्त निळं आहे, असं मला उगाचच वाटायचं. तरुणपणी असतो तेवढा तोरा.

एका पीठगिरणीत फिटर असलेल्या माणसाने पहिल्या पगारात मला बिस्किटांसकट विकत घेतलं, नव्या बायकोसाठी. त्याला गिरणीत सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो. बिस्किटं आठवडाभरात संपली. आता आपल्याला भंगारात काढणार, अशी माझी खात्री झाली होती, पण मिस्त्रीच्या बायकोने मला धुतलं, पुसलं, आणि माझ्यात बटणं भरली. शर्टाची, फ्रॉकची, कोटाची, एक हरणाच्या शिंगाचं. ती शिवत बसली की मी तिच्या मांडीशी. त्यांची लहानगी मुलगी रडायला लागली की आई मला उचलून कानाशी खुळखुळवायची, आणि पोर गप्प. माझ्याबद्दल बोलायचं झालं तर, इतकं कौतुक मला पुढे शाळेतसुद्धा मिळालं नाही.

मग मिस्त्रीची बायको आजारी पडली आणि गेली. त्यानंतर कित्येक वर्षं माझं झाकण कोणी उघडलं नाही. मी कपाटाच्या वर, माझ्यावर धुळीचा थर, खाली एक अबोल माणूस आणि त्याची वाढत्या वयाची मुलगी. मिस्त्रीच्या शर्टाचं बटण तुटलं तर तो तसाच जायचा, पण वर हात घालायचा नाही. मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

मुलगी शिकली आणि विज्ञानाची शिक्षिका झाली. शाळेत तिला सगळे बाई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने मला कपाटावरून खाली काढलं, बटणं एका कापडी पिशवीत नीट बांधून ठेवली, आणि खिळा-हातोडी घेऊन माझ्या बुडाजवळ भोक पाडलं. मी आतून बाहेरून हादरलो. आईच्या डब्याशी कोणी असं वागतं का? तिलाही ते लागलं असावं, कारण शेवटचा घाव घालून झाल्यावर तिने त्या जागेवरून बराच वेळ अंगठा फिरवला.

का पाडलं, ते वर्गात कळलं.

बाई तीन वस्तू टेबलावर मांडायची. एक गंजका खिळा, एक लाकडाचा तुकडा, आणि मी. "या तिघांत एकच गोष्ट घडते," ती म्हणायची. "हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या पदार्थाशी जोडला जातो आणि उष्णता बाहेर पडते. खिळा गंजतो तेव्हा हे इतकं सावकाश चालतं की ती उष्णता आपल्याला कळतसुद्धा नाही. लाकूड जळतं तेव्हा भराभर चालतं, म्हणून ऊब लागते, उजेड पडतो." मग ती माझ्यावर हात ठेवायची. "आणि हेच डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं, तर?"

मग सगळी मुलं मागच्या भिंतीला टेकून उभी. बाईच्या डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कातडी मोजे. माझ्यात एक पेटती मेणबत्ती, तिच्या शेजारी नरसाळ्यात एक सपाट चमचा पीठ, आणि माझ्या भोकातून त्या नरसाळ्यापर्यंत गेलेली लांब रबरी नळी. वर झाकण, सैल. बाई लांबून नळीत एक फुंकर मारायची. आत पीठ उडायचं, भप्प असा आवाज व्हायचा, आणि जहाज थेट छताला. (मित्रांनो, हे तुम्ही घरी करून बघायचं नाही. बाईसुद्धा प्रत्येक वेळी आधी वाळूची बादली जवळ घ्यायची.)

मुलं टाळ्या पिटायची. बाई थांबायची आणि समजावून सांगायची. ढिगातल्या पिठाला फक्त वरून हवा लागते, आतल्या कणांना ती मिळतच नाही. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाभोवती हवा, आणि सगळे कण जवळजवळ एकदमच जळतात. तापलेल्या हवेला पसरायला जागा लागते. "शाळा सुटल्यावर तुम्ही एकेक करून दारातून बाहेर गेलात तर दाराला काही होत नाही," बाई म्हणायची. "चारशे जण एकाच क्षणी घुसलात तर चौकटच उखडेल. मुलं तीच, दार तेच. फरक कशाचा?"

"वेगाचा," सगळा वर्ग ओरडायचा.

अशी नऊ वर्षं गेली. माझ्या आतल्या बाजूला काजळी धरली, जहाजाचं शीड पोचे पडून वाकडं झालं, पण मला शाळेत मान होता. मिस्त्रीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मला कपाटावर शोधलंच नव्हतं, आणि बाईनेही सांगितलं नव्हतं. बाप-लेकीत प्रेम पुष्कळ होतं, बोलणं कमी.

आता गिरणीबद्दल थोडं सांगायला हवं. गिरणी चार मजली. गहू पट्ट्यावरच्या लहान लहान बादल्यांतून वर चढायचा आणि दळत, चाळत खाली यायचा. कितीही झाकलं तरी पीठ उडायचंच, आणि छताच्या तुळयांवर, पाइपांवर, दिव्यांच्या टोप्यांवर जाऊन बसायचं. वर्षातून एकदा गिरणी बंद ठेवून हे सगळं साफ करत. त्याला ते झाडणी म्हणत. मिस्त्री कॉम्प्रेसरची नळी घेऊन वर चढायचा आणि जोरदार हवेने तुळया फुंकून काढायचा. पांढरा धुरळा असा उठायचा की शेजारचा माणूस दिसायचा नाही. संध्याकाळपर्यंत तो खाली बसे, मग झाडून गोळा करत. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची कामं, वेल्डिंग वगैरे. तीस वर्षं हा क्रम होता, आणि फुंकण्यात मिस्त्रीचा हात कोणी धरत नसे. तो स्वतःच तसं सांगायचा.

त्या वर्षी मिस्त्री निवृत्त होणार होता. त्या शनिवारी बाईने मला घासूनपुसून ठेवायला घरी आणलं होतं. मी तिच्या पिशवीत, खुर्चीला टांगलेला. जेवताना मिस्त्री भलताच खुशीत होता.

"यंदा झाडणी एका दिवसात उरकणार," तो म्हणाला. "वर मी फुंकणार, खाली लंबू वेल्डिंग करणार. दोन्ही एकदम. मालकीणबाईंना मीच सुचवलं. त्या म्हणाल्या, मिस्त्री, हे इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?"

बाईचा घास हातातच राहिला. "बाबा, त्या धुरळ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या?"

"मग काय झालं? पीठ आहे ते, पेट्रोल नाही."

"बाबा, तो धुरळा पेटला तर पळायलासुद्धा वेळ मिळणार नाही."

"तीस वर्षं फुंकतोय मी."

"तीस वर्षं वेल्डिंग दुसऱ्या दिवशी होत होतं."

मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तू शाळेत मुलांना शिकव. मला शिकवू नकोस," तो म्हणाला, आणि ताट तसंच टाकून उठला. झाडणी गुरुवारी होती. बाई रात्रभर झोपली नाही. बापाला काही झालं तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. मध्येच उठून ती त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून त्याचं घोरणं ऐकून आली.

रविवारी दुपारी तिने त्याला मागच्या अंगणात बोलावलं. मेणबत्ती लावली. मिस्त्री हाताची घडी घालून उभा. त्याने स्वतःच मूठभर पीठ घेतलं आणि ज्योतीवर ओतलं. ज्योत विझली.

"बघितलंस? पेटायचं राहिलं बाजूला, उलट विझवतं."

"बघितलं," बाई म्हणाली. "आता माझं बघा." आणि तिने मला पिशवीतून बाहेर काढलं.

मिस्त्री दोन पावलं पुढे आला. मला हातात घेतलं. भोक पाहिलं, काजळी पाहिली, वाकडं शीड पाहिलं. "हा तर तुझ्या आईचा डबा आहे."

"हो."

"भोक कोणी पाडलं याला?"

"मी. रिकामा पडून होता, बाबा. बटणं जपून ठेवली आहेत."

मला वाटलं, आता हा मला छातीशी धरून आत निघून जाणार आणि सगळंच मुसळ केरात. पण त्याने मला हळूच खाली ठेवलं. बाईने त्याला कुंपणापर्यंत मागे जायला लावलं, आतली तयारी केली, चष्मा चढवला आणि फुंकर मारली.

भप्प.

झाकण घराच्या छपराच्या कडेइतकं उंच गेलं आणि मिस्त्रीच्या पायाशी येऊन आपटलं.

"किती टाकलं होतंस?"

"एक चमचा. सपाट."

"पीठच ना? दुसरं काही नाही ना?"

"तुमच्याच गिरणीचं. मघाशी तुम्ही ओतलंत तेच. तुम्ही ढीग टाकलात, मी ते उडवलं. तुम्ही नळीने तुळया फुंकता तेव्हा तुम्हीही तेच करता."

मिस्त्रीने झाकण उचललं, पुसलं, तिच्या हातात दिलं. "हा डबा वीतभर आहे," तो म्हणाला. "माझी गिरणी चार मजली आहे." आणि आत गेला. बाईला वाटलं, त्याने सगळं धुडकावून लावलं. ती पायरीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि रडली. माझ्यावर तिचे अश्रू पडत होते आणि मला काही करता येत नव्हतं. डब्याच्या जन्माला आल्याचं दुःख मला त्या एकाच दिवशी झालं.

सोमवारी सकाळी बाईने पिशवी उघडली असेल तेव्हा मी तिच्यात नव्हतो. मी मिस्त्रीच्या काखेत होतो, मेणबत्ती, नळी आणि नरसाळ्यासकट, गिरणीच्या वाटेवर. चालता चालता तो पुटपुटत होता. सुरुवातीला मला कळेना. मग कळलं, तो तुळया मोजत होता. एका तुळईवर किती चमचे, एका मजल्यावर किती तुळया. हिशेब चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला घाम फुटला.

दुपारी त्याने सगळ्यांना अंगणात गोळा केलं. मालकीणबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. लंबू, म्हणजे त्यांचा तो सहा फुटी वेल्डर, सगळ्यांत पुढे, बाईने मिस्त्रीला मागे पाठवलं होतं तसंच मिस्त्रीने त्याला मागे ढकललं. मिस्त्रीने मेणबत्ती लावली, पीठ घातलं, नळी तोंडात धरली आणि सगळा जीव एकवटून फुंकलं.

काहीच झालं नाही. ज्योत फुर्रकन विझली, माझ्यातून थोडा पांढरा धुरळा निघाला आणि झाकण जागच्या जागी.

"मिस्त्री, डब्याला सर्दी झालीय," लंबू म्हणाला. सगळे हसले. मालकीणबाई वळून जायलाही निघाल्या. मिस्त्रीचा चेहरा पडला. इतकी वर्षं वर्गात एकदाही फसलो नव्हतो मी, आणि जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न, तिथेच हे.

मिस्त्रीने माझ्यात बोट घालून उरलेलं पीठ चोळून पाहिलं. ते दमट होतं. दळण्याआधी गव्हाला पाणी लावतात, आणि घाईघाईत त्याने जात्याखालचं ताजं, ओलसर पीठ उचललं होतं. जन्मभर पिठात वावरलेल्या माणसाला ते बोटाला लागताच समजलं.

"थांबा," तो म्हणाला. "मी पीठ चुकीचं घेतलं. तुळईवरचं आणतो."

हातात एक चमचा घेऊन तो शिडीवरून वर गेला. त्या वयात, धापा टाकत. तुळईवरची धूळ वर्षभर वाळलेली, पावडरीपेक्षा बारीक. त्याने तीच माझ्यात घातली, मेणबत्ती पुन्हा लावली, झाकण सैल ठेवलं आणि फुंकलं.

मित्रांनो, नऊ वर्षांत मी असा कधी दणाणलो नव्हतो. झाकण वर गेलं ते गेलंच. गिरणीच्या छपरावर कुठेतरी टणत्कार ऐकू आला, मग घरंगळत गेल्याचा आवाज, आणि मग शांतता. लंबूचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढा धिप्पाड माणूस, पण खाली बसला.

"हे वर तुळयांवर आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सगळीकडे आहे. आणि मी ते गुरुवारी उडवणार होतो, खाली ठिणग्या पडत असताना," मिस्त्री म्हणाला. "सुचवलं मी होतं, मालकीणबाई. चूक माझी."

तीस वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर त्याच्या घरातला. मालकीणबाईंनी विचारलं, "न फुंकता साफ करायला किती दिवस लागतील?"

"तीन. मऊ ब्रश, ओली फडकी, आणि सावकाश. वेल्डिंग त्यानंतर."

"मग गिरणी चार दिवस बंद ठेवू," त्या म्हणाल्या.

बुधवारपासून काम सुरू झालं. मला मिस्त्रीच्या कामाच्या टेबलावर ठेवलं होतं, ब्रश उभे करायला. झाकण काही सापडलं नाही. लंबू दोनदा छपरावर जाऊन आला. तुळयांवरून ती धूळ अलगद खाली उतरवली, पोत्यांत भरली, ओली करून बाहेर नेली. पाच पोती भरली. प्रत्येक पोतं जाताना मिस्त्री त्याच्याकडे असा बघायचा की जणू ते त्याला हाक मारतंय. जेवणाच्या सुट्टीत तो पत्र्याचा एक तुकडा कापत, ठोकत बसायचा. माझ्या तोंडाचं माप त्याने तीनदा घेतलं. वरचं नवीन झाकण जहाजाशिवायचं, साधं, पण काठाची घडी अशी सफाईदार की कारखान्यालाही जमली नसती.

शनिवारी वेल्डिंग झालं. तळमजला मोकळा, पाणी मारलेला, बादल्या भरून ठेवलेल्या. लंबू शिडीवर. मी टेबलावरून पाहत होतो. चार वाजायला आले होते. एक ठिणगी उसळून कोपऱ्यात, कोणीतरी विसरलेल्या रिकाम्या पोत्यावर पडली. आधी नुसता धूर. मग पोत्याच्या काठाने एक लाल रेघ हळूहळू सरकायला लागली. मग बोटभर ज्योत. मिस्त्रीचं लक्ष गेलं. तो उठला, बादली घेतली, चालत गेला. हो मित्रांनो, पळत नाही, चालत. पायाने पोतं मोकळ्या जागेत ओढलं, त्यात त्याच्या बाहीचा काठ थोडा होरपळला, आणि वरून पाणी ओतलं.

लंबू शिडीवर तसाच थिजला होता. त्याने वर पाहिलं. वर स्वच्छ तुळया होत्या. मिस्त्री रिकामी बादली हातात धरून माझ्या शेजारी बाकावर बसला.

संध्याकाळी त्याने मला घरी नेलं. बाई दारातच उभी होती. गेले पाच दिवस ती अशीच उभी असायची, म्हणे. मिस्त्रीने मला तिच्या हातात दिलं.

"जहाज गेलं," तो म्हणाला. "शोधलं खूप. नवीन झाकण केलंय. सैल ठेवलंय मुद्दाम. घट्ट बसलं तर डबाच फाटेल." जन्मभर घट्ट बसणाऱ्या गोष्टी करण्यात नाव कमावलेला माणूस हे सांगत होता.

बाईचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. "हे काय?"

"काही नाही. एक पोतं जळलं."

"मग?"

"मग काय. बादली आणली, विझवलं."

बाईने मला खाली ठेवलं आणि त्याची ती काळी पडलेली बाही दोन्ही हातांत धरली. तिला रडू फुटलं. "बादली आणायला वेळ मिळाला, बाबा," ती म्हणाली. ती तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि मिस्त्री तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, त्याला धड जमत नसतानाही.

आता मी पुन्हा शाळेत आहे. मिस्त्री घरीच असतो, कधीमधी वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतो. माझा पत्रा पातळ होत चाललाय, अजून दोन-चार वर्षं काढेन. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या घरातलं कोणी पिठात, साखरेत, लाकडाच्या भुशात काम करत असेल, तर त्यांना विचारा, तुमच्या डोक्यावरच्या तुळईवर किती धूळ आहे, आणि ती कशी काढता? ते रागावतील. तू मला शिकवू नकोस म्हणतील, ताटावरून उठतील. रागावू द्या. रोज संध्याकाळी घरी येऊन रागावू द्या.